दारावरचा डोळा आणि राऊटरचं नाव

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय बाई, कॅमेऱ्याचा कसला इतिहास? पण आमच्या ग्रामसंघाच्या मसाला कांडप केंद्रात पावसाळ्याच्या तोंडाला जे घडलं, त्यानंतर आम्ही हा इतिहास शोधून शोधून वाचला. दोन पोती मिरची आणि एका ताईची अब्रू त्यात अडकली होती.

आधी घडलं ते सांगतो. केंद्रात दोन वायफायवाले कॅमेरे आहेत. एक दारावर आणि एक आत, गिरणीच्या खोलीत. दीड वर्ष ते सिमकार्डवाल्या राऊटरवर चालले. मग गावात फायबर आली, एका सोमवारी नवा राऊटर बसला आणि जुना डबा कपाटावर गेला. फोनवर नेट झकास चालू लागलं, म्हणून सगळ्या खूश. कॅमेऱ्यांचे दिवे लुकलुकत होते, पण त्यांचं चित्र फोनवर येईनासं झालंय हे नऊ दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. दहाव्या दिवशी माल मोजला, तर दोन पोती कमी. केंद्राची किल्ली ज्या ताईंकडे, त्यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. तोंडावर कुणी बोललं नाही. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

हे पुढे कसं सुटलं ते येईलच. आधी हा दारावरचा डोळा आला कुठून, ते ऐका.

तारेवरून एका ठिकाणचं चित्र दुसऱ्या ठिकाणी बघायचं तंत्र दुसऱ्या महायुद्धातलं. १९४२ साली जर्मनीत रॉकेट उडताना लांबून सुरक्षित बघता यावं म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने तसे कॅमेरे लावले होते. त्यानंतर पुष्कळ वर्षं हे काम लष्कराचं, कारखान्यांचं आणि बँकांचं होतं. घराच्या दारावर कॅमेरा लावावा हे एका नर्सला सुचलं.

तिचं नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. जन्म १९२२चा. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे, तिथे ती राहायची. कृष्णवर्णीय बाई, नोकरी दवाखान्यातली, म्हणजे पाळ्यांची. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही वेळा वेगळ्या. म्हणजे कधी ती रात्री एकटी घरात, तर कधी अवेळी एकटीच परत येणार. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलीस बोलावले तरी लवकर पोचत नसत. रात्री दार वाजलं तर उघडायचं का नाही, हा प्रश्न आपल्यापैकी कोणत्या बाईला पडलेला नाही? आपण कडी न काढता आतून हाक मारतो, "कोण आहे?" आणि आवाज ओळखीचा वाटेपर्यंत थांबतो. मेरीने याच सवयीचं यंत्र केलं.

दाराला एकाखाली एक अशी चार भोकं, कारण पाहुणा उंच असेल, ठेंगणा असेल किंवा लेकरू असेल. आतल्या बाजूला पेटीत बसवलेला कॅमेरा मोटारीने वर-खाली सरकणारा, म्हणजे ज्या उंचीचा माणूस त्या भोकासमोर जाणारा. चित्र झोपायच्या खोलीतल्या टीव्हीवर. बोलायला आणि ऐकायला दोन्हीकडे माईक. माणूस ओळखीचा निघाला तर अंथरुणातूनच बटण दाबून कुलूप उघडायचं. आणि नसला, तर दुसरं बटण दाबून धोक्याचा इशारा द्यायचा. मेरीने आणि अल्बर्टने १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटचा अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. कागदावर दोघांचीही नावं आहेत आणि तिचं पहिलं आहे. आम्हाला हे वाचून बरं वाटलं, कारण आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव दुसरं लावायचं तरी किती चकरा होतात!

त्या वेळी हे सगळं महाग होतं, घरोघरी काही ते पोचलं नाही. पण आज दाराची बेल वाजली की फोनवर जे चित्र येतं, बोलता येतं, बसल्या जागी कुलूप उघडतं, ते सगळं तिच्या पेटंटात लिहिलेलं आहे. पुढे घराच्या राखणीची यंत्रं करणाऱ्या अनेकांच्या पेटंटांमध्ये तिच्या पेटंटाचा हवाला सापडतो. मेरी १९९९ साली गेली.

आता त्यातली तार कशी गेली ते बघू.

प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटं आहेत. तिथल्या विद्यापीठाची केंद्रं वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली आणि संगणक एकाच ठिकाणी. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन नावाच्या प्राध्यापकाने आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१ साली रेडिओलहरींवरून संगणकांना बोलतं केलं. त्या जाळ्याचं नाव त्यांनी ठेवलं अलोहा, म्हणजे तिथल्या भाषेतला नमस्कार. अडचण अशी होती की लहर एकच आणि बोलणारे अनेक. दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं फुकट. बैठकीत पाच जणी एकदम बोलायला लागल्या की इतिवृत्तात काय लिहायचं कळत नाही, तसंच. त्यांनी नियम असा केला की टक्कर झाली, तर ज्याने त्याने थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग पुन्हा बोलायचं. मात्र प्रत्येकाची थांबायची वेळ वेगवेगळी, चिठ्ठी उचलल्यासारखी. नाहीतर पुन्हा दोघं एकदमच सुरू होणार. आजही आपला राऊटर, त्यावरचे फोन आणि कॅमेरे आपापसात वाटून घेताना या कल्पनेच्या सुधारलेल्या रूपावरच चालतात.

दुसरी अडचण परवानगीची होती. रेडिओलहरी सरकारच्या ताब्यात. आपलं हे सामुदायिक रेडिओ केंद्रसुद्धा परवान्यावर चालतं. मग घरोघरी हा छोटा रेडिओ विनापरवाना कसा? अमेरिकेत १९८५ साली काही पट्टे खुले झाले, त्यात २.४ गिगाहर्ट्झचा एक. तो पट्टा म्हणजे तसा गायरानच, मायक्रोवेव्ह भट्टीसारखी यंत्रं तिथे आधीपासून होती, म्हणून मोलाच्या कामाला कुणी तो मागत नव्हतं. त्या गायरानावर वायफाय वाढलं. १९९७ मध्ये त्याचे पहिले सामायिक नियम ठरले आणि १९९९ मध्ये वायफाय हे नाव मिळालं. हे नाव बाजारासाठी ठेवलेलं आहे, त्यात दडलेला लांबलचक अर्थ शोधू नका. भारतात हाच पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायची मोकळीक जानेवारी २००५ मध्ये मिळाली. म्हणजे आपल्या पुष्कळ गटांचा जन्म वायफायच्या मोकळिकीच्या आधीचा आहे! पुढे २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना मंजूर झाली, तिलाच आता भारतनेट म्हणतात.

इथे एक गोष्ट मध्येच. हेडी लामार या सिनेनटीने वायफायचा शोध लावला, असा निरोप महिलादिनाला सगळ्या गटांवर फिरतो. आम्हीही पुढे पाठवला होता. खरं एवढंच की १९४२ साली तिला आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला एक पेटंट मिळालं. पाणतीराला दिलेला रेडिओ-हुकूम शत्रूने अडवू नये म्हणून लहर सारखी बदलत ठेवायची, अशी ती युक्ती होती. १९९७च्या नियमांमधल्या एका पद्धतीत आणि ब्लूटूथमध्ये लहर बदलत ठेवायची तीच तऱ्हा दिसते. बाईचं कर्तृत्व मोठं आहेच, त्याला फुगवायची गरज नाही.

आणि इंटरनेटवरून जगाला दिसलेला पहिला कॅमेरा कशावर होता? चहाच्या किटलीवर म्हणा ना! इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात संगणकवाल्यांची कॉफी दुसऱ्या खोलीत असायची आणि उठून जावं तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा लावला, १९९३ मध्ये तो वेबवर आला आणि २००१ मध्ये बंद झाला. शहाण्या माणसांचा आळस.

आता आपल्या मुद्द्याची गाठ येते. तार होती तेव्हा कोण जोडलंय ते डोळ्यांना दिसायचं. तार गेल्यावर कॅमेऱ्याने आपलं घर ओळखायचं कशावरून? दोन गोष्टींवरून, नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड. पहिल्या नियमांमधलं कुलूप कच्चं होतं. २००१ मध्येच संशोधकांनी ते कसं फुटतं ते दाखवून दिलं. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-टू आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-थ्री अशी कुलुपं आली. आपले बहुतेक कॅमेरे डब्ल्यूपीए-टूवाले. त्यात किल्ली कशी बनते ते फार गमतीचं आहे. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घालून ४०९६ वेळा घोटायचं, खलबत्त्यात घोटतात तसं, आणि जे निघेल ती किल्ली. पासवर्ड तोच ठेवून नावातलं एक अक्षर बदललंत तरी किल्ली साफ वेगळी निघते.

याचा अर्थ असा की कॅमेरा राऊटरच्या डब्याला ओळखत नाही. त्याला डबा काळा की पांढरा, कोणत्या कंपनीचा, काही माहीत नाही. तो रात्रंदिवस एका नावाला हाका मारतो. आमचे कॅमेरे नऊ दिवस त्या जुन्या नावाला हाका मारत बसले होते आणि जुना डबा कपाटावर धूळ खात होता.

म्हणून राऊटर बदलताना सर्वांत सोपा उपाय, नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा. इंग्रजी अक्षर मोठं असेल तर मोठं, मध्ये जागा असेल तर जागा, तंतोतंत. कॅमेऱ्यांना हातही लावावा लागत नाही, दोन-चार मिनिटांत ते आपले आपण जोडले जातात. फायबर बसवायला माणूस येतो तेव्हाच त्याला हे सांगायचं. जुन्या राऊटरखालच्या चिकटपट्टीचा फोटो आधी काढून ठेवा, पण कुणी नाव-पासवर्ड मध्ये बदलला असेल तर ती पट्टी खोटी ठरते, हेही ध्यानात घ्या.

तरी कॅमेरा जोडला गेला नाही तर दोन कारणं बघायची. स्वस्त कॅमेऱ्यांना तो २.४चा गायरानाचा पट्टाच तेवढा कळतो. नवे राऊटर ५ गिगाहर्ट्झचाही पट्टा देतात, तो वेगवान असतो पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ बंद असेल तर चालू करायला सांगायचं आणि जुनं नाव त्यालाच द्यायचं. दुसरं कारण म्हणजे कुलूप फक्त डब्ल्यूपीए-थ्रीवर ठेवलेलं असणं. जुन्या कॅमेऱ्याकडे त्याची किल्ली नसते. तिथे डब्ल्यूपीए-टू किंवा दोन्ही चालतील असं ठेवायचं.

पण इथे आमच्यात वाद झाला. आमचा जुना पासवर्ड निम्म्या गावाला माहीत होता. कट्ट्यावरची पोरं त्यावर क्रिकेट बघायची. तोच पुन्हा द्यायचा म्हणजे दार बदलून कुलूप तेच. शेवटी ठरलं की सोपा उपाय सोडायचा आणि नवं नाव, नवा पासवर्ड घ्यायचा. मग प्रत्येक कॅमेऱ्याचं रीसेटचं बटण शोधून, तो बोलेपर्यंत किंवा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, फोनवरच्या ॲपमध्ये नवा पासवर्ड घालायचा आणि फोनवर येणारा क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर धरायचा. शिडीवर चढलेली एक, शिडी धरलेली एक, फोन धरलेली एक. दुपार गेली.

आणि तिथे खरी ठेच लागली. कॅमेरा रीसेट झाला, पण ॲप म्हणतं, हा कॅमेरा दुसऱ्याच्या खात्यावर आहे. काही कंपन्यांचे कॅमेरे रीसेट केले तरी पहिल्या खात्याने सोडल्याशिवाय सुटत नाहीत. ते खातं कुणाचं? ज्याने दीड वर्षापूर्वी कॅमेरे बसवले त्या मुलाचं. त्याने घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकलेला. आमच्या अध्यक्षांच्या फोनवर त्याने चित्र नुसतं वाटून दिलेलं होतं. म्हणजे दीड वर्ष आम्ही पदर खोचून गिरणीवर घामाघूम व्हायचो, कधी एखादी लेकराला पाजत बसायची, ते सगळं त्याच्या फोनवर दिसू शकत होतं. तो मुलगा म्हणाला, मी कधी उघडलंच नाही. असेल खरं. मेरीच्या घरात टीव्ही तिच्या खोलीत होता आणि बटण तिच्या हातात. आमच्या केंद्रात कॅमेरा आमचा आणि बटण तालुक्याच्या गावात होतं. आम्ही त्याला समोर बसवून खात्यातून दोन्ही कॅमेरे काढायला लावले आणि ग्रामसंघाच्या नंबरवर घेतले. ॲपचा पासवर्डही नवा ठेवला. २०१६ साली मिराई नावाचा एक घातकी प्रोग्राम जगभर फिरला होता. त्याच्याकडे कंपन्यांनी घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या, त्या वापरून तो लोकांच्या कॅमेऱ्यांत आणि राऊटरांत शिरला. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या, त्या अशाच मालकांनी पासवर्ड न बदललेल्या यंत्रांच्या गर्दीने.

आता मिरचीचं. कॅमेरे काढले तेव्हा एका मुलीने विचारलं, यात कार्ड आहे का? होतं. राऊटरशी नातं तुटलं तरी वीज असेल तोवर पुष्कळ कॅमेरे मेमरी कार्डावर चित्र घेतच राहतात, फक्त ते फोनवर दिसत नाही. कार्ड जुन्यावर नवं लिहीत जातं, पण आमचा कॅमेरा हालचाल झाली तरच चित्र घ्यायचा, म्हणून ते नऊ दिवस शिल्लक होते. लॅपटॉपवर उघडलं तर तारीख कुठली? १ जानेवारी १९७०! आधी वाटलं, सगळं बिघडलं. मग कळलं की कॅमेरा वेळ इंटरनेटवरून घेतो. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसलं, की तो त्याच्या शून्यापासून मोजायला लागतो. बऱ्याच संगणकांचा शून्य म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळात १९७० सालच्या पहिल्या दिवसाची मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. मेरीला पेटंट मिळून तेव्हा बरोबर तीस दिवस झाले होते.

बुधवारी रात्री दहाला गावात वीज आली होती, हे सगळ्यांना आठवत होतं, कारण हळदीच्या कार्यक्रमात अंधार झाला होता. म्हणजे कॅमेऱ्याचे साडेपाच हे आपले बुधवारचे रात्रीचे दहा. मिरचीचा टेम्पो कॅमेऱ्यात दिसला त्याच्या घड्याळाने संध्याकाळी सहा चाळीसला. म्हणजे तेरा तास दहा मिनिटांनी. बोटांवर मोजलं, गुरुवारी सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. पावतीवर गुरुवारच होता. त्यानंतर आम्ही तेरा जणींनी ते चित्र तीनदा बघितलं आणि मोठ्याने पोती मोजली. अठरा उतरली. पावतीवर वीस. ताईंनी सही केली होती, कारण टेम्पोवाला घाई करत होता आणि पाऊस यायला लागला होता.

त्याच संध्याकाळी आम्ही पाच जणी ताईंच्या घरी गेलो. लॅपटॉप सोबत नेला होता, पण त्यांनी बघायला नकार दिला. म्हणाल्या, मला माहीतच होतं, तुम्हाला बघायची गरज होती. चहा मात्र केला. पुढच्या बैठकीला त्या आल्या, किल्ली घ्यायला तयार झाल्या नाहीत. ती आता महिन्याने फिरते. व्यापाऱ्याने चित्र बघितल्यावर फार वाद न घालता दोन पोती पुढच्या खेपेत भरून दिली.

नेटवर्कचं नवं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात गटाच्या पेटीत ठेवलाय. आतला, गिरणीच्या खोलीतला कॅमेरा आम्ही पुन्हा लावला नाही. तशी मागणी सगळ्यात आधी त्या लेकराला पाजणाऱ्या मुलीने केली आणि कुणी विरोध केला नाही. भिंतीवर त्याचे दोन खिळे अजून आहेत, त्यावर सध्या चाळण्या टांगतो.